अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी ग्रँट आणि स्कॉलरशिप : मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला गेलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "स्कॉलरशिपसाठी चांगली वेबसाइट कुठली?" खरं तर हा प्रश्न शेवटून दुसरा असायला हवा. मोठी रक्कम सरकारी फॉर्ममधून आणि कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून येते. निबंध लिहून जिंकायच्या स्पर्धा त्यानंतर. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

ग्रँट, स्कॉलरशिप, फायनान्शिअल एड : हे सगळं एकच ना?

नाही, आणि या घोळामुळे पुढे बराच मनस्ताप होतो. ग्रँट बहुधा घरची आर्थिक गरज बघून मिळते. स्कॉलरशिप गुण, खेळ, कला किंवा एखादी खास अट बघून मिळते. दोन्ही परत फेडायची नसतात. 'फायनान्शिअल एड' या शब्दात मात्र कर्जही येतं आणि कॅम्पसवर काम करून मिळवायचे वर्क-स्टडीचे पैसेही येतात. कोणी सांगितलं की "आमच्या मुलीला चाळीस हजारांची एड मिळाली", तर त्यातलं कर्ज किती हे विचारल्याशिवाय हेवा करू नका.

फॅफ्सा म्हणजे काय आणि तो कधी भरायचा?

केंद्र सरकारच्या मदतीसाठीचा हा एकच अर्ज आहे. बहुतेक राज्यं आणि कॉलेजंही त्याच्याच आधारे ग्रँट ठरवतात. तो स्टुडंटएड डॉट जीओव्ही या सरकारी साइटवर फुकट भरता येतो. कुठल्याही साइटने फॅफ्सासाठी पैसे मागितले तर ती बंद करा.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरच्या सुमारास भरायला खुला होतो. उत्पन्न दोन वर्षं मागचं धरतात, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चा टॅक्स रिटर्न. विद्यार्थी आणि पालक दोघांनीही आपापलं खातं उघडायचं, आणि आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, माहिती घ्यायला दोघांनीही संमती द्यायची. ही संमती दिली नाही तर बाकी फॉर्म कितीही नीट भरलेला असो, केंद्राची मदत मिळत नाही. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर एकाच पालकाचं खातं पुरतं.

केंद्राची अखेरची मुदत लांब असते, पण तिच्यावर विसंबू नका. राज्यांच्या आणि कॉलेजांच्या मुदती खूप आधी संपतात. कॅलिफोर्नियाच्या कॅल ग्रँटची नेहमीची तारीख २ मार्च आहे. शिवाय काही निधी संपेपर्यंतच वाटले जातात. उदाहरणार्थ, वर्षाला १०० ते ४,००० डॉलरची एफएसईओजी ही पूरक ग्रँट. कॉलेजच्या वाट्याला आलेले पैसे संपले की त्या वर्षापुरता विषय मिटला.

पेल ग्रँट किती असते?

२०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. योजना १९७२ सालची आहे. सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव तिला १९८० मध्ये मिळालं. कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच ती आहे. पूर्णवेळ शिकणाऱ्याला साधारण सहा वर्षं, म्हणजे बारा सेमिस्टरपर्यंत मिळू शकते.

आम्ही दोघंही आयटीत आहोत. पेल मिळणार नाही हे माहीत आहे. मग फॉर्म कशाला भरायचा?

पेलची आशा खरंच सोडा. तरीही फॉर्म भरा. विद्यार्थ्याच्या नावावरचं सरकारी कर्ज, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, फॅफ्साशिवाय मिळत नाही. काही राज्यांच्या आणि कॉलेजांच्या गुणांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपलाही फॅफ्साची अट असते. तिसरं कारण आपल्याकडे कोणाला बोलायला आवडत नाही: नोकरी जाऊ शकते. वर्षाच्या मधे ले-ऑफ झाला तर कॉलेजकडे तुमचा फॉर्म आधीच असला की पुढचं सोपं होतं.

मी एच-१बीवर आहे, पण मुलगी इथेच जन्मली आहे. तिला केंद्राची मदत मिळते का?

मिळते. फॅफ्सासाठी विद्यार्थ्याचं नागरिकत्व बघतात, पालकांचा व्हिसा नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही आता खातं उघडता येतं. "आपण व्हिसावर आहोत, आपल्याला काही लागू नाही" असं समजून अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचे फॉर्म न भरणारी घरं आजही आहेत. हातचे पैसे सोडणं याला म्हणतात.

आणि मुलगा एच-४वर असेल तर?

इथे खरी अडचण आहे. एच-४वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, मुलाला पेल, वर्क-स्टडी, सरकारी कर्ज यातलं काहीही मिळत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत आहे एवढ्यानेही भागत नाही, कार्ड हातात लागतं. तिसरीत इथे आलेलं मूल वर्गातल्या बाकीच्यांसारखंच वाढतं आणि बारावीला अचानक 'इंटरनॅशनल' ठरतं. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ही संपतो, मग बहुधा एफ-१ हा विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो.

तरी दारं पूर्ण बंद नसतात. पहिली गोष्ट राज्यातल्या रहिवाशांना लागणाऱ्या कमी फीची. बऱ्याच राज्यांत एच-४च्या मुलांना ती लागू होऊ शकते, आणि सरकारी विद्यापीठात यातला फरक एखाद्या चांगल्या स्कॉलरशिपइतका असतो. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या. मित्राच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरू नका.

दुसरी गोष्ट, कॉलेजच्या स्वतःच्या पैशांना केंद्राचा नियम लागत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना पैशांची गरज बघत नाहीत, आणि प्रवेश दिला की गरज पूर्ण भागवतात. तिथे प्रवेश मिळणं किती कठीण आहे हे वेगळं सांगायला नको. बाकीच्या बऱ्याच खासगी कॉलेजांत नागरिक नसलेल्या मुलाने मदत मागितली तर प्रवेशाच्या निर्णयात ते धरलं जातं. त्यामुळे एच-४च्या मुलांची यादी करताना प्रत्येक कॉलेजच्या एड ऑफिसला एकच प्रश्न विचारा: एच-४ विद्यार्थी तुमच्याकडे मदतीसाठी कोणत्या गटात मोडतो?

तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. नॅशनल मेरिट या गुणांवर मिळणाऱ्या देशभरच्या स्कॉलरशिपच्या नियमात ग्रीन कार्डसाठी स्वतःचा अर्ज केलेला आणि तो नाकारला न गेलेला विद्यार्थीही बसतो. अट एवढीच की पुढे नागरिकत्व घ्यायचा त्याचा इरादा असावा.

भारतातला फ्लॅट आणि एफडी फॅफ्सात दाखवायची का?

हो. हा प्रश्न विचारताना आवाज नेहमी थोडा खाली येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

तुम्ही ज्या घरात राहता ते घर फॅफ्सा मोजत नाही. ४०१के, आयआरए यांसारख्या निवृत्तीच्या खात्यांतली शिल्लकही मोजत नाही. पण तुम्ही राहत नसलेली कुठलीही स्थावर मालमत्ता गुंतवणूक धरली जाते, मग ती टेक्ससमध्ये असो की ठाण्यात. इथे भाड्याने राहत असलात तरी भारतातला फ्लॅट 'राहतं घर' होत नाही. बँकेतल्या ठेवींचंही तेच. फॉर्म भरता त्या दिवशीची किंमत धरायची, त्यातून त्या मालमत्तेवरचं कर्ज वजा करायचं आणि त्या सुमाराच्या दराने डॉलर करायचे. भावंडांबरोबर सामाईक मालकी असेल तर फक्त आपला वाटा दाखवायचा.

आता भीती किती बाळगायची? पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग एसएआयमध्ये धरतात. एसएआय म्हणजे तुमचं घर किती भार उचलू शकेल याचा सरकारी आकडा. समजा फ्लॅटची कर्ज वजा जाता किंमत ८०,००० डॉलर आहे. त्यामुळे एसएआय फार तर ४,५१२ डॉलरने वाढेल. वर्षाला दोन लाख डॉलर कमावणाऱ्या घरात त्याने केंद्राच्या ग्रँटमध्ये काहीच फरक पडत नाही, कारण ती तशीही मिळणार नसते. लपवाछपवीत मात्र दंड आणि शिक्षेपर्यंत जाऊ शकेल अशी जोखीम आहे. सौदा तोट्याचा आहे.

खरा फरक पडतो तो पैसा कोणाच्या नावावर आहे याने. हेच ८०,००० डॉलर मुलाच्या नावावर असले तर २० टक्के धरतात, म्हणजे १६,०००. कौतुकाने मुलाच्या नावावर कस्टोडियल खातं उघडणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. पालकांच्या मालकीचं ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं, पालकांचं धरलं जातं, ते त्या मानाने सोयीचं.

आजी-आजोबांनी फीसाठी पैसे दिले तर?

२०२४-२५ पासून हे सोपं झालं आहे. आजी-आजोबांच्या मालकीचं ५२९ खातं फॅफ्सात दाखवावं लागत नाही, आणि त्यातून काढलेले पैसे मुलाचं उत्पन्न धरत नाहीत. सीएसएस प्रोफाइल मागणारी कॉलेजं मात्र त्याची चौकशी करू शकतात.

हे सीएसएस प्रोफाइल काय प्रकरण आहे?

बरीच खासगी कॉलेजं स्वतःचे पैसे वाटण्याआधी हा दुसरा फॉर्म मागतात. तो कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर पडतात, पण १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तो फुकट आहे. फॅफ्सापेक्षा हा कितीतरी खोलात शिरतो. राहतं घरही विचारतो, घटस्फोट झाला असेल तर अनेक कॉलेजं दोन्ही पालकांचे कागद मागतात. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर फॅफ्सा आता सवलत देत नाही, पण प्रोफाइलवर चालणारी बरीच कॉलेजं अजून देतात. जुळी मुलं असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वर्षाचा खर्च ९०,००० डॉलर लिहिला आहे. तिथे अर्जच करू नये का?

छापील आकडा बघून घाबरू नका. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. उत्पन्न, बचत, घरात माणसं किती हे भरलं की तुमच्यासारख्या घराला तिथे प्रत्यक्षात किती पडेल याचा अंदाज येतो. संध्याकाळी चहा घेताना चार कॉलेजं तपासून होतात. धंदा असेल, भाड्याचं उत्पन्न असेल किंवा पालक वेगळे झाले असतील तर हा अंदाज चुकू शकतो, पगारदारांसाठी बऱ्यापैकी जवळ येतो.

२०२५-२६ पासून हार्वर्ड आणि एमआयटी या दोन्ही ठिकाणी, मालमत्ता सर्वसाधारण असेल तर, २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन फी नाही. म्हणजे छापील आकड्यांत सर्वांत महाग दिसणारं कॉलेज एखाद्या मध्यमवर्गीय घराला राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतं.

गुणांवर मिळणारे पैसे कुठे असतात? मुलाचे मार्क उत्तम आहेत.

सर्वांत नावाजलेल्या कॉलेजांत नाहीत, हे आधी स्वीकारा. आयव्ही लीगमधली आठही कॉलेजं गुणांसाठी किंवा खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. तिथे सगळ्यांचेच मार्क उत्तम असतात.

मेरिटचे पैसे त्यांच्या खालच्या फळीत मिळतात, जिथे तुमचं मूल वर्गातल्या वरच्या चौथाईत बसेल. चांगले विद्यार्थी ओढून घ्यायला ही कॉलेजं पैसे सोडतात. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा हे नेहमीचं उदाहरण: हायस्कूलचे गुण आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ठरावीक रेषेच्या वर असला की बाहेरच्या राज्यातल्या मुलालाही आपोआप स्कॉलरशिप मिळते, आणि रेषा साइटवरच छापलेली असते. आपल्याकडे या नावांना लग्नकार्यात वजन नसतं, म्हणून ती यादीत येत नाहीत. माझं मत विचाराल तर मुलाच्या डोक्यावर लाखाचं कर्ज ठेवण्यापेक्षा चारचौघांत कॉलेजचं नाव दोनदा समजावून सांगणं परवडतं.

राज्य सरकारकडून काय मिळतं?

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जॉर्जियाची होप स्कॉलरशिप १९९३ पासून लॉटरीच्या पैशांवर चालते आणि गुणांवर मिळते. फ्लोरिडाचं ब्राइट फ्युचर्स त्याच धाटणीचं. न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये वरच्या १५ टक्क्यांत आलेल्यांना एनजे स्टार्समधून कम्युनिटी कॉलेजची फी मिळू शकते. न्यूयॉर्कची एक्सेलसिअर १,२५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राज्याच्या सरकारी कॉलेजांची ट्यूशन माफ करते, पण जितकी वर्षं घेतली तितकी वर्षं पुढे न्यूयॉर्कमध्येच राहावं लागतं. नाही राहिलं तर ते कर्ज होतं. सही करण्याआधी ही अट मुलाला वाचायला लावा, कारण बावीस वर्षांच्या मुलाला पहिली नोकरी सिअॅटलला लागली की घरात महाभारत होतं.

बाहेरच्या स्कॉलरशिप कशा शोधायच्या?

आता तुमचा पहिला प्रश्न. कामगार खात्याचं करिअरवनस्टॉप, कॉलेज बोर्डाचं बिगफ्युचर आणि जुनं फास्टवेब ही तीन ठिकाणं पुरेत. पण त्याआधी हायस्कूलच्या काउन्सेलरकडे जा. गावातल्या रोटरी क्लबची किंवा एखाद्या स्थानिक फाउंडेशनची हजार-दोन हजारांची स्कॉलरशिप तिथल्याच मुलांना मिळते आणि अर्ज मोजकेच येतात. उलट कोका-कोला स्कॉलर्ससारख्या देशभरच्या स्पर्धेत १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळतात आणि अर्जांचा पाऊस पडतो. दोन्ही कराव्यात, पण वेळ पहिल्यावर जास्त घालवावा.

आपापल्या कंपनीच्या एचआरलाही विचारा. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी स्कॉलरशिप ठेवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, आणि काहींची निवड नॅशनल मेरिटमार्फतच होते. त्यासाठी हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात पीएसएटी ही परीक्षा द्यावी लागते. ती चुकली की त्या वाटेचं दार बहुधा बंद.

निबंध दर वेळी नवा लिहायची गरज नाही. दोन चांगले निबंध तयार ठेवून सुरुवात आणि शेवट अर्जाप्रमाणे बदलायचा. आणि निबंध मुलालाच लिहू द्या. आई-बाबांनी लिहिलेला निबंध तिसऱ्या ओळीत ओळखू येतो.

बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेज आपली मदत कमी करतं, हे खरं का?

बऱ्याचदा खरं आहे. कॉलेजने तुमची पूर्ण गरज भागवली असेल तर बाहेरून आलेले पैसे कुठून तरी कमी होतातच. चांगली कॉलेजं आधी कर्ज आणि वर्क-स्टडी कमी करतात, काही सरळ ग्रँटला हात लावतात. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना असं करायला कायद्याने आडकाठी केली. बाकी ठिकाणी कॉलेजचं धोरण विचारून घ्यायचं.

कॉलेजचं एडचं पत्र आलं. ते वाचायचं कसं?

पेन्सिल घेऊन. समजा पत्रात असं लिहिलं आहे:

वर्षाचा खर्च ४८,०००
युनिव्हर्सिटी ग्रँट १७,०००
मेरिट स्कॉलरशिप ६,०००
डायरेक्ट लोन, सबसिडाइज्ड ३,५००
डायरेक्ट लोन, अनसबसिडाइज्ड २,०००
वर्क-स्टडी ३,०००
पॅरेंट प्लस लोन १६,५००
भरायची बाकी ०

शेवटचं शून्य बघून पेढे वाटू नका. फुकटचे पैसे फक्त पहिल्या दोन ओळींत आहेत, २३,०००. कर्जाच्या तिन्ही ओळींवर काट मारा. वर्क-स्टडीवरही मारा, कारण ते काम केल्यावर पगार म्हणून मुलाच्या हातात येतात, फीच्या बिलातून आपोआप वजा होत नाहीत. म्हणजे या कॉलेजची खरी किंमत वर्षाला २५,००० डॉलर. सगळ्या पत्रांतून हा एकच आकडा काढून शेजारी शेजारी मांडा. पत्रांचे नमुने वेगवेगळे असतात, काहींत तर कर्जाच्या ओळीत 'लोन' हा शब्दही धड दिसत नाही, नुसतं 'सब' आणि 'अनसब' लिहिलेलं असतं. वर्षाचा खर्च धरताना राहणं-जेवण, पुस्तकं, आरोग्य विमा आणि घरी यायची तिकिटं त्यात आहेत का तेही बघा.

अर्ली डिसिजनने, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच येऊ असं आधीच कबूल करून, अर्ज केला तर ही तुलना करायलाच मिळत नाही, एकच पत्र येतं. मदत अपुरी असेल तर त्यातून बाहेर पडता येतं, पण ज्यांना पैशांची तुलना करणं गरजेचं आहे त्यांनी या वाटेने जाऊ नये असं मी सांगेन.

मदत कमी वाटली तर वाढवून मागता येते का?

येते. भाजी मंडईतली घासाघीस नको, कागद हवेत. नोकरी गेली, पगार घटला, आजारपणाचा मोठा खर्च झाला, तर एड ऑफिसरला तुमचे आकडे बदलायचा कायदेशीर अधिकार आहे. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर फॉर्म चालतो, म्हणून हे दार ठेवलेलं आहे. पत्र एक पानाचं, सोबत ले-ऑफचं पत्र किंवा हॉस्पिटलची बिलं, आणि नेमकी किती रक्कम कमी पडते ते. तशाच दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर त्याचं पत्रही जोडा. काही कॉलेजं विचार करतात, काही करत नाहीत.

"स्कॉलरशिपची गॅरंटी, फी फक्त ९९९ डॉलर" असं सांगणाऱ्यांकडे जावं का?

नको. गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. अर्जासाठी पैसे मागणं, न भरलेल्या स्पर्धेत निवड झाल्याचं कळवणं, बँक खात्याचा किंवा कार्डाचा नंबर 'जागा राखण्यासाठी' मागणं, आजच सही करा म्हणून मागे लागणं ही सगळी फसवणुकीची लक्षणं आहेत.

स्कॉलरशिपवर टॅक्स लागतो का?

ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर खर्च झालेल्या रकमेवर नाही. राहण्या-जेवणासाठी वापरलेली रक्कम मात्र मुलाचं करपात्र उत्पन्न धरतात. जानेवारीच्या शेवटी कॉलेजकडून १०९८-टी हा टॅक्ससाठीचा फॉर्म येतो तो जपून ठेवा.

एकदा मिळालेली मदत चारही वर्षं चालू राहते का?

आपोआप नाही. फॅफ्सा दर वर्षी नव्याने भरायचा, आणि प्रोफाइल मागणारी बरीच कॉलेजं तोही परत मागतात. मेरिट स्कॉलरशिपला बहुधा जीपीएची, म्हणजे चारपैकी सरासरी गुणांची, अट असते. हायस्कूलमध्ये सहज चारात चार मिळवणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये ३.० टिकवणंही जड जाऊ शकतं. त्यामुळे स्वीकारण्याआधी तीन गोष्टी ईमेलवर विचारून ठेवा: जीपीए किती लागतो, घसरला तर सावरायला एक सेमिस्टर मिळतं का, आणि फी वाढली तर स्कॉलरशिपही वाढते की रक्कम तीच राहते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "तीच राहते" असं येतं, म्हणून चार वर्षांचं गणित मांडताना फी दर वर्षी थोडी वाढेल असंच धरा.